दूरवरचा वर्ग आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

विद्येचे स्थान कोणते, या प्रश्नाचे आपल्याकडील जुने उत्तर अगदी सरळ होते. जेथे गुरू बसला तेथे विद्यापीठ. ज्याला शिकावयाचे असेल त्याने घरदार सोडावे, पायपीट करावी, काशीस किंवा पैठणास जाऊन राहावे. इंग्रजी अमदानीत स्थळे बदलली, काशीपैठणाच्या जागी मुंबई-पुणे आले. रीत मात्र तीच राहिली. विद्यार्थ्याने विद्येकडे जावयाचे असते, विद्या विद्यार्थ्याकडे येत नसते, हे गृहीत कोणी तपासून पाहिले नव्हते. विसाव्या शतकाने ते तपासले. टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि संगणक अशी एकामागून एक साधने हाती येत गेली आणि प्रत्येक साधनाबरोबर एकच आशा नव्याने पालवली : खेड्यातील किंवा आडगावातील मुलाला आपल्या जागी बसून उत्तम अध्यापकाचे बोल ऐकता येतील. भारतातील उच्च शिक्षणात या आशेचा इतिहास आता साठ वर्षांहून अधिक झाला आहे. तो निव्वळ यंत्रांचा इतिहास नव्हे. दूर बसलेल्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न अध्यापकापर्यंत कसा पोहोचावा, या एका अडचणीभोवती तो फिरत राहिलेला आहे.

या विचाराची पूर्वपीठिका शोधू गेल्यास बडोद्याचे नाव घ्यावे लागते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. ज्या गावी ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांची पेटी फिरत जाई. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी दीपचित्रे आणि चलच्चित्रे दाखविणारी शाखाही त्या खात्याने उघडली होती. हे विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, हे खरे. तथापि ज्ञानाने लोकांच्या दारी जावे आणि त्यासाठी नव्या साधनांचा उपयोग करावा, हे तत्त्व एका संस्थानाने त्या काळी व्यवहारात आणून दाखविले होते.

उच्च शिक्षणात दूरस्थ अध्यापनाचा पहिला ठळक प्रयोग दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणक्रम सुरू करून केला. छापील पाठ टपालाने जात, विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवीत, ती तपासून परत येत. नोकरी करणाऱ्या तरुणांना आणि ज्यांना महाविद्यालयात पाऊल टाकणे शक्य नव्हते अशा अनेक स्त्रियांना पदवीचा मार्ग यामुळे खुला झाला. ही रीत संथ होती. पाठ वाचताना अडलेली शंका पत्राने पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत पुढचे दोन पाठ येऊन पडावेत, असा तिचा क्रम. पण शंका जावयास आणि उत्तर यावयास एक वाट होती, आणि ती प्रत्येक गावच्या टपालकचेरीपर्यंत पोहोचलेली होती. पुढच्या अधिक वेगवान साधनांशी तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी पाठही दाखविले जाऊ लागले. परंतु मनोऱ्यावरून केलेले प्रक्षेपण शहराच्या आसपासच पोहोचे. सबंध देशात असे मनोरे उभारावयाचे तर किती पैसा आणि किती वर्षे लागतील, याचा हिशेब मांडता निराशाच पदरी येई. विक्रम साराभाई यांनी या हिशेबाला निराळे उत्तर शोधले. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा एकच उपग्रह जगाच्या सुमारे एकतृतीयांश भागाकडे पाहू शकतो. मग शहरापासून सुरुवात करून खेड्याकडे जाण्याऐवजी थेट खेड्यापासूनच सुरुवात का करू नये, असा त्यांचा सवाल होता. १९६९ साली भारताच्या अणुशक्ती खात्याने अमेरिकेच्या अंतराळ संस्थेशी करार केला. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. त्यांनी आखलेला प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर हा प्रयोग चालला. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवण्यात आला, आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या मोठ्या छत्र्या बसवून दूरचित्रवाणीचे संच मांडण्यात आले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील खेडीही होती. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल हे या कार्याचे धुरीण होते, आणि कार्यक्रमाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीस यांनी वाहिली. दिवसा शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी गावकऱ्यांसाठी हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांत कार्यक्रम होत.

हा प्रयोग शाळांचा आणि शेतीचा होता. उच्च शिक्षण त्याच्या कक्षेत नव्हते. तरीही उच्च शिक्षणातील पुढच्या सर्व वाटचालीचे मूळ येथेच आहे. याचे कारण त्याच्या एका भागात सापडते. सुट्यांच्या काळात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण या यंत्रणेतून देण्यात आले. पडद्यावर पाठ दाखविला जाई. पण त्याच्या जोडीला छापील साहित्य होते, करून पाहण्याचे प्रयोग होते आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा चालविणारा मार्गदर्शक होता. पडदा एकटा ठेवला तर करमणूक होते, त्याच्याशेजारी जाणता माणूस बसविला तर शिक्षण होते, हा अनुभव त्या वर्षी पदरी पडला.

पुढे ३० ऑगस्ट १९८३ रोजी भारताचा इन्सॅट-१ब हा उपग्रह अवकाशात गेला आणि देशाला स्वतःची आकाशवाट मिळाली. तिच्यातील काही वेळ विश्वविद्यालय अनुदान आयोगाने मागून घेतला. डॉ. माधुरी शहा तेव्हा आयोगाच्या अध्यक्षा होत्या. १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून ‘देशव्यापी वर्ग’ या नावाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह आणि नामवंत प्राध्यापक यांपासून दूर असलेल्या लहान गावच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ज्ञानाच्या नव्या क्षितिजांचे दर्शन घडवावे, हा त्याचा हेतू होता. आरंभी परदेशी चित्रपट्ट्यांवर बरीच भिस्त ठेवावी लागली. मग आयोगाने विद्यापीठांतच निर्मितिकेंद्रे उघडली. पुणे, अहमदाबाद, हैदराबाद आणि दिल्ली येथे, व पुढे इंदूर आदी ठिकाणी, प्राध्यापक आणि चित्रणकार एकत्र बसून कार्यक्रम तयार करू लागले. १९८६ साली प्रा. यशपाल स्वतः आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ‘साइट’चा अनुभव उच्च शिक्षणाच्या कारभारात उतरला. १९९३ साली या सर्व केंद्रांचा मेळ घालणारी शैक्षणिक संज्ञापनाची मध्यवर्ती संस्था दिल्लीत स्थापन झाली.

या उपक्रमाने चांगले कार्यक्रम दिले. खगोलशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, पुरातत्त्व अशा विषयांची गोडी ज्यांना त्यामुळे लागली, असे पुष्कळ प्रेक्षक महाविद्यालयाबाहेरचेही होते. पण ज्या विद्यार्थ्यासाठी हा खटाटोप होता, त्याच्या दृष्टीने पाहता तीन उणिवा राहून गेल्या. पहिली वेळेची. कार्यक्रम दुपारी होत, तेव्हा विद्यार्थी तासांना बसलेला असे. आणि महाविद्यालयात संच असला तरी वेळापत्रकात त्याला जागा नसे. दुसरी परीक्षेची. कार्यक्रम ज्ञानवृद्धीसाठी होते, अभ्यासक्रमाला बांधलेले नव्हते; आणि आपल्या शिक्षणपद्धतीत परीक्षेत न येणाऱ्या गोष्टीला विद्यार्थी किती वेळ देतो, हे सर्वश्रुत आहे. तिसरी उणीव भाषेची. कार्यक्रमांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती. ज्या लहान गावच्या मुलाचे नाव घेऊन योजना आखली, त्याचे शालेय शिक्षण मातृभाषेत झालेले होते.

या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. कार्यक्रम वरून खाली येई. खालून वर काहीच जात नसे. वर्गात अध्यापक बोलतो तेव्हा त्याची नजर बाकांवरून फिरत असते. एखाद्याच्या कपाळावरची आठी पाहून तो थांबतो, वाक्य बदलतो, दुसरा दाखला देतो. पडद्यावरच्या अध्यापकाला ही आठी दिसत नव्हती.

मुक्त विद्यापीठांनी ही त्रुटी ओळखली होती. हैदराबाद येथे १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने चालते. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी हेच १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू झाले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि त्याची उभारणी डॉ. राम ताकवले यांनी केली. या संस्थांनी छापील पाठ्यपुस्तक हा कणा मानला आणि ध्वनिफिती, चित्रफिती व प्रक्षेपण ही त्याची जोड मानली. मुख्य म्हणजे गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे ठेवली, जेथे विद्यार्थ्याला सुटीच्या दिवशी प्रत्यक्ष माणसाला प्रश्न विचारता येई. नाशिकच्या विद्यापीठाने मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके सिद्ध केली, हे त्याचे कार्य या दृष्टीने फार मोलाचे आहे. पडद्यावरून जे साधले नव्हते ते साध्या कागदावर आणि मातृभाषेत साधत होते.

प्रश्न आकाशमार्गे परत नेण्याचे प्रयत्न १९९० नंतरच्या दशकात सुरू झाले. चित्र एकाच दिशेने जाई, आवाज मात्र दोन्ही दिशांनी, असा त्यांचा प्रकार होता. विद्यार्थी केंद्रावरून दूरध्वनीने प्रश्न विचारी आणि अध्यापक पडद्यावर उत्तर देई. या प्रयत्नांतून केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्याची कल्पना पक्व झाली. सुमारे १९५० किलो वजनाचा ‘एज्युसॅट’ २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या प्राथमिक टप्प्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांची नावे महाराष्ट्रालगतच्या वाचकांना विशेष वाटावीत अशी आहेत : बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, नाशिकचे मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी तंत्रविद्यापीठ. उपग्रह आकाशात जाण्यापूर्वीच, आधीच्या इन्सॅट-३ब उपग्रहाच्या साह्याने, या तीन ठिकाणी तालीम सुरू झाली होती.

कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालये या तंत्रविद्यापीठाशी जोडलेली आहेत. महाविद्यालये झपाट्याने वाढली, पण अनुभवी अध्यापक त्या वेगाने वाढले नाहीत. तेव्हा एका चित्रणगृहात तज्ज्ञाने शिकवावे आणि दूरदूरच्या वर्गांनी ते एकाच वेळी ऐकावे, अशी योजना झाली. काही वर्गांत नुसते पाहता-ऐकता येई, तर काही वर्गांतून विद्यार्थ्याला हात वर करून प्रश्नही विचारता येई. त्याचा आवाज उपग्रहापर्यंत जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागे आणि उत्तर परत येण्यास तितकाच. म्हणून प्रत्येक संवादात एक लहानसा अवघडलेला विराम पडे. तेवढ्या विरामाने कोणाचे बिघडत नव्हते. प्रश्न विचारावयास वाट झाली होती, हेच महत्त्वाचे.

मग हा प्रयोग सर्वत्र का फोफावला नाही? कारणे आकाशात नव्हती, जमिनीवर होती. छत्री बसविली, पण वीज गेली की वर्ग गेला. यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा जवळपास नसे. जाळी उभारण्यास उशीर होई आणि दाखवावयाचे पाठ तयार करणारी माणसे पुरेशी नसत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली आपल्या अहवालात या योजनेच्या अंमलबजावणीतील अशाच दोषांवर बोट ठेवले. तोवर उपग्रहाचे आयुष्य संपलेही होते. २०१० साली तो सेवेतून निवृत्त झाला होता. उपग्रह बांधणे हे अवघड काम आपल्या शास्त्रज्ञांनी पार पाडले. वर्गातला संच चालू ठेवणे हे सोपे काम मात्र कोणाचेच नव्हते, म्हणून ते राहून गेले.

दरम्यान संगणकांचे जाळे हळूहळू विणले जात होते. १९८६ साली राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ‘एर्नेट’ ही योजना निघाली आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची विज्ञान संस्था व भारतीय तंत्रज्ञान संस्था या परस्परांशी जोडल्या जाऊ लागल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकासही इंटरनेट खुले झाले. २००३ साली तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून सर्वांस मोफत देण्याचे कार्य ‘एनपीटेल’ या नावाने हाती घेतले. ज्या संस्थेच्या दारात लाखांतून थोड्यांनाच प्रवेश मिळतो, तिचे वर्ग कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागले. वेळेची अडचण येथे उरली नाही. विद्यार्थ्याला सवड होईल तेव्हा, आणि समजेपर्यंत पुनःपुन्हा, पाठ ऐकता येऊ लागला.

याच काळात मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेत दोन निराळ्या दिशांनी काम झाले. इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले डॉ. दीपक फाटक यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मोठी योजना राबविली. विद्यार्थ्याला थेट शिकविण्यापेक्षा त्याच्या अध्यापकाला शिकवावे, असे तिचे सूत्र होते. प्रथम निरनिराळ्या महाविद्यालयांतील संयोजकांना मुंबईस बोलावून प्रत्यक्ष तयार करावयाचे. मग देशभरच्या केंद्रांवर एकाच वेळी हजारो अध्यापकांना मुंबईहून व्याख्यान द्यावयाचे. आणि शंका निघाली तर त्या केंद्रावरचा संयोजक ती सोडवील किंवा मुंबईपर्यंत पोहोचवील. ‘साइट’च्या वर्षी प्राथमिक शिक्षकांच्या बाबतीत जे घडले होते, त्याचीच ही अभियांत्रिकीतील आवृत्ती होय. दुसरे काम प्रा. कन्नन मौद्गल्य यांचे. संगणकाची साधने शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यांनी तयार करविले आणि चित्र तेच ठेवून केवळ आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी, समजावणी मात्र घरच्या भाषेत; पुढे नोकरीस लागणारी इंग्रजी संज्ञा डोळ्यांसमोर राहते आणि तिचा अर्थ मातृभाषेतून मनात उतरतो. भाषेच्या कूटप्रश्नावर इतका कमी खर्चाचा तोडगा क्वचितच कोणी काढला असेल.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हा मंच आणि त्याच्या जोडीला ‘स्वयंप्रभा’ या बत्तीस दूरचित्रवाणी वाहिन्या सुरू केल्या. या मंचावर उत्तीर्ण केलेल्या अभ्यासाचे गुणांक विद्यापीठाच्या पदवीत धरण्याची सोय आयोगाने आधी वीस आणि २०२१ पासून चाळीस टक्क्यांपर्यंत केली. १९८४ सालच्या देशव्यापी वर्गाला परीक्षेचा जो आधार नव्हता, तो अशा रीतीने तेहतीस वर्षांनी मिळाला.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सर्व विद्यापीठे एका दिवसात बंद झाली आणि जे साठ वर्षे प्रयोग म्हणून चालले होते ते एकाएकी नित्याचे झाले. तेव्हा विद्यार्थी-विद्यार्थ्यांतील भेद उघडा पडला. कोणी स्वतंत्र खोलीत संगणकापुढे बसला होता, तर कोकणात आणि गोव्याच्या डोंगराळ भागात मुले लहरी सापडाव्यात म्हणून टेकडी चढून झाडाखाली बसत होती. घरात एक दूरध्वनी आणि शिकणारी भावंडे तीन, अशा ठिकाणी कोणाचा तास बुडावयाचा हे घरातल्यांनाच ठरवावे लागे. दोन्ही दिशांनी वाट असूनही पुष्कळ विद्यार्थी प्रश्न विचारीत नव्हते. पडद्यावर त्यांचे नावच तेवढे दिसे. यंत्राने वाट दिली तरी ‘विचार’ म्हणणारा कोणी असावा लागतो, हे पुन्हा एकदा प्रत्ययास आले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी समाजाच्या दृष्टीने या सर्व इतिहासाला एक विशेष अर्थ आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया, गोवा विद्यापीठ, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ येथे मराठीचे विभाग आहेत. अशा विभागांचा भोवताल अन्य भाषेचा असतो. विद्यार्थी थोडे, अध्यापक मोजके आणि मराठी ग्रंथांची मोठी भांडारे दूर. संशोधन करणाऱ्याला एखादा प्रबंध पाहण्यासाठी पूर्वी पुण्या-मुंबईस खेप घालावी लागे. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आयोगाने २००९ साली आवश्यक केले, आणि गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ‘शोधगंगा’ हे भांडार उघडून ते सर्वांस खुले केले. आज हैदराबादेत बसून पुण्यातील प्रबंध वाचता येतो आणि बेळगावात लिहिलेला प्रबंध नागपूरच्या अभ्यासकाला मिळतो. मोठ्या शहरातील विद्यापीठाला ही केवळ सोय आहे. सीमेवरच्या लहान विभागाचा तो श्वास आहे.

या दालनातही मराठीची बाजू अजून दुबळीच आहे. २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा मिळाली, तंत्रज्ञान संस्थांच्या व्याख्यानांची मराठी रूपे होऊ लागली, हे शुभचिन्ह होय. पण भाषांतरित पाठ आणि मराठीतच विचार करून दिलेला पाठ यांत अंतर असते. ते अंतर यंत्र भरून काढणार नाही. त्यासाठी इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील मराठी अध्यापकांनी परस्परांचे वर्ग जोडावेत. एका विभागात जो विषय शिकविणारा कोणी नसेल, त्याचा पाठ दुसऱ्या विभागाने द्यावा. आणि प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याशेजारी बसून त्याची शंका ऐकणारा एक जण नेमावा. यासाठी नवा उपग्रह नको, नवे खातेही नको. तारा आल्या आहेत, पडदे आले आहेत. बडोद्यातल्या विद्यार्थ्याच्या शंकेला बेळगावच्या अध्यापकाकडून उत्तर मिळेल एवढी व्यवस्था या विभागांनी आपसांत ठरवून घेतली, तर गेल्या साठ वर्षांच्या अनुभवाचा लाभ आपण घेतला असे होईल.